कहोकियाची दोन मुठी माती

आधीच सांगते, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी सहा ते दुपारी अडीच लोकांचं रक्त, लघवी आणि थुंकी तपासते. जे स्लाइडवर दिसत नाही ते नाही, असा माझा सरळ धर्म. नागपूरला शेजारच्या काकू आमची दृष्ट काढायच्या, तेव्हा मोहऱ्या फुकट गेल्या म्हणून मी हळहळायची. या सदरातले वाचकांचे गूढ अनुभवसुद्धा मी... खरं सांगू?... हसायला वाचते. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय हे बघून तुमच्यातलं कुणी हसलं तर माझी तक्रार नाही. हसा. पण शेवटपर्यंत वाचा.

मी इलिनॉयमध्ये राहते. इलिनॉय म्हटलं की आपल्या लोकांना शिकागो नाहीतर शॉमबर्ग आठवतं. आम्ही तिथून पाच तास खाली, कॉलिन्सव्हिलला. नदीपलीकडे सेंट लुइस. आमच्या गावात केचपच्या बाटलीच्या आकाराची भलीमोठी पाण्याची टाकी आहे, आसपास हॉर्सरॅडिशची शेतं आहेत — हा मुळ्याचा चुलतभाऊ, पण नाकातून धूर काढणारा — आणि घरापासून दहा मिनिटांवर कहोकिया आहे. कोलंबसच्या कितीतरी आधी इथे मोठं शहर होतं. त्या लोकांनी मातीची टेकाडं उभारली, इथे त्यांना माउंड म्हणतात. सगळ्यात मोठ्यावर चढायला आता पायऱ्या केल्यात, वरून सेंट लुइसची कमान दिसते. बाकीची लहान, गवताने झाकलेली. मधूनच गाड्यांचा रस्ता जातो. मी आणि माझा नवरा आनंद वजन कमी करायला तिथे चालायला जायचो. वजन काही कमी झालं नाही. तिथे पाटी आहे, इथून काहीही नेऊ नका. ती पाटी मी शंभर वेळा वाचलेली आहे.

आता शिल्पाबद्दल सांगायला हवं.

शिल्पा माझी इथली बारा वर्षांची मैत्रीण. तिचं घर आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून. माझी मुलगी इरा सोळा वर्षांची. गेल्या उन्हाळ्यात इराचं खाणं बंद झालं. म्हणजे आजकालच्या मुली डाएट करतात तसं नाही. ताटाकडे बघूनच तिला रडू यायचं. तीन आठवडे तिला हॉस्पिटलच्या ट्रीटमेंट प्रोग्रॅममध्ये ठेवावं लागलं. घरी आली तेव्हा तिने माझ्याकडून एकच वचन घेतलं होतं, की इथल्या मराठी मंडळातल्या कुणाला हे कळता कामा नये.

गणपतीच्या पॉटलकला — प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा, असं जेवण — आम्ही तिला घेऊन गेलो. बिचारीने स्वतःहून एक पोळी आणि थोडी बटाट्याची भाजी वाढून घेतली. मी लांबून बघत होते, माझ्या पोटात आनंद मावत नव्हता. तेवढ्यात तिघीजणी तिच्या ताटाभोवती जमल्या. एकीने तिच्या ताटात मोदक ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "खा गं बाळा. आता बरं वाटतंय ना? आम्हाला शिल्पाने सांगितलं सगळं."

इराने ताट खाली ठेवलं आणि गाडीत जाऊन बसली. घरी जाताना तिने विचारलं, "आई, हू टोल्ड शिल्पा मावशी?" मी म्हणाले, तिचा नवरा त्याच हॉस्पिटलच्या ऑफिसात आहे, तिथून कळलं असेल. पुढचे चार दिवस इराने दुधाशिवाय काही घेतलं नाही. मी शिल्पाशी बोलणं तोडलं. लोक म्हणतात राग दोन दिवसांत निवतो. माझा निवला नाही. मी तो रोज सकाळी उठून गरम करत होते.

नवरात्र आलं. घट मी श्रद्धेने नाही, सवयीने बसवते. पण त्या वर्षी, लॅबवाली असूनसुद्धा, इरासाठी मनात काहीतरी होतं हे कबूल करते. वर्ध्याहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर बघत होत्या. मी पॉटिंग सॉइलची पिशवी फोडली आणि त्या कडाडल्या, "अगं मेधा, ती माती आहे होय? नुसता भुसा तो! घटाला शेतातली लागते, नाहीतर वारुळाची. तुमच्या अमेरिकेत माती मिळत नाही का?"

मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना मी कहोकियाला थांबले. एका लहान माउंडच्या पायथ्याशी ग्राउंडहॉगने बीळ केलं होतं — घुशीचा मोठा भाऊ समजा — आणि आतली काळीभोर, मऊ माती बाहेर फेकली होती. मी खणणार नव्हते. जनावराने आधीच काढून ठेवलेली होती. आणि वारुळाची चालते तर बिळाची का नाही? पाटीवर 'वस्तू नेऊ नका' या अर्थाचं लिहिलंय, माती म्हणजे काय वस्तू आहे का... असं मीच मला समजावलं, आणि डब्याच्या पिशवीत दोन मुठी भरून घेतल्या.

अॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये ती माती पसरली, सात धान्यं पेरली, मध्ये कलश ठेवला. माझी शिफ्ट पहाटेची, म्हणून रोज अंघोळ करून घटाला पाणी घालायचं काम आनंदकडे होतं. तिसऱ्या दिवशी त्याची मान धरली. पाचव्या दिवशी त्याच्या कपाळावर वळ दिसला. दोन बोटं रुंद, लाल, या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत. आनंद झोपताना घोरण्याचं मशीन लावतो, त्याचा पट्टा डोक्याला असतो, तेव्हा आम्ही पट्ट्याला शिव्या दिल्या. नवीन पट्टा मागवला. वळ गेला नाही. त्याच्या नखांत काळी माती असायची. "तू बागेत काय करतोस?" म्हणून मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, मी बागेत गेलोच नाही. आमच्या बागेत तेव्हा पाचोळा गोळा करायचंसुद्धा काम बाकी होतं.

घटात गहू, ज्वारी, मूग काही उगवलं नाही. उगवली ती चाकवतासारखी रोपं, पानांवर पांढरट पिठी असलेली. त्या मातीत जुनं बी असेल, त्यात काही नवल नाही. नवल हे, की मी अर्धा ट्रे भरला होता आणि दसऱ्याला माती काठाला लागली होती. घट हलवल्यावर मी ट्रे गॅरेजमध्ये ठेवला. चार दिवसांत आनंदची मान सुटली, वळ गेला.

पुढच्या रविवारी आम्ही कहोकियाला गेलो तर एक गाइड बाई लोकांना फिरवत होत्या, सत्तरीच्या, रिटायर्ड शिक्षिका. आम्हीही त्यांच्या मागोमाग चालायला लागलो. त्या म्हणाल्या की ही टेकाडं बांधली तेव्हा इथे चाकाची गाडी नव्हती, ओझ्याचं जनावर नव्हतं. सगळी माती माणसांनी टोपल्यांतून वाहून आणली. टोपली पाठीवर, आणि तिचा पट्टा इथे. असं म्हणून त्यांनी स्वतःच्या कपाळावर दोन बोटं आडवी ठेवली.

आनंद हसून म्हणाला, "मेधा, सेम माझ्यासारखं!" मी हसले नाही.

मी लॅबवाली. मला जे वाटलं ते तपासल्याशिवाय मी मानणार नव्हते. घरी येऊन मी आनंदला म्हणाले, गॅरेजमधल्या ट्रेला रोज थोडं पाणी घाल, ती चाकवताची रोपं जगवू. नवऱ्यावर प्रयोग केला, हो. तीन दिवसांत वळ परत आला. पाणी बंद करायला लावलं, गेला. पुन्हा घालायला लावलं, आला. मी स्वतः चार दिवस पाणी घालून बघितलं, मला काहीही झालं नाही. माती नेणारी मी, आणि मला साधी खाजसुद्धा नाही. याचं कारण मला तेव्हाही कळलं नाही.

शहाण्या बाईने त्याच दिवशी माती परत नेऊन टाकली असती. मी काय केलं ते ऐका.

माझ्याकडे तुळशीचं रोप होतं. इथे थंडीत तुळस जगवणं म्हणजे तान्हं मूल सांभाळणं, त्यामुळे ज्याच्याकडे जगते त्याच्याकडून बाकीचे रोपं नेतात. मी छानशी निळी कुंडी आणली. तळाशी ती माती घातली, बरोबर दोन मुठी. वर पॉटिंग सॉइल, त्यात तुळस. आणि तुळशीच्या लग्नाच्या दिवशी दुपारी ती कुंडी एका हातात धरून मी तीन गल्ल्या चालत शिल्पाच्या दारात गेले.

दार उघडून ती रडायलाच लागली. "मेधा... मला वाटलं तू आता जन्मात बोलणार नाहीस. मी फार मोठी चूक केली गं. त्या तिघींना मी फक्त एवढंच म्हटलं होतं की इराला जपा, आणि..."

"जाऊ दे," मी म्हणाले. "तुळस आणलीये. रोज पाणी घाल हं. स्वतःच्या हाताने."

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम बोलले. घरी येताना मला इतकं हलकं वाटत होतं, की मी वाटेत कुणाच्या तरी कुत्र्याला थांबून थोपटलं. मला कुत्री आवडत नाहीत.

थँक्सगिव्हिंगच्या पॉटलकला शिल्पा मानेला कॉलर लावून आली. कपाळावर नव्याने केस कापून घेतले होते, पण वाकली की वळ दिसायचा. एमआरआय झाला, त्यात काही नाही. रक्त झालं, त्यात काही नाही, ते मीच बघितलं होतं. बायका हळहळत होत्या. मी तिला खुर्ची दिली, पाणी आणून दिलं, "किती गं सोसतेस" असंही म्हणाले. मोदक ठेवणारी तिथेच होती, तिच्यासाठीही एक कुंडी करावी असं माझ्या मनात येऊन गेलं. घरी आल्यावर मी भांडी घासताना गुणगुणत होते. तुम्ही मला नावं ठेवा, पण तुमच्या मुलीने असं ताट खाली ठेवलं असतं तर, याचा आधी विचार करून ठेवा.

डिसेंबरमध्ये शिल्पा आणि तिचा नवरा महिन्याभरासाठी पुण्याला गेले, तिथे कुणा डॉक्टरला मान दाखवायला. आनंदने मला सांगितलं. जाऊ दे, म्हटलं. तोपर्यंत इरा पुष्कळ सुधारली होती. सकाळी दोन टोस्ट आणि अंडं खायची, कधी रात्री परत भात मागायची. ती भात मागायची तेव्हा मी पाठ फिरवून वाढायची, तिला माझं तोंड दिसू नये म्हणून.

नाताळच्या सुट्टीत एका सकाळी तिने टोस्ट बाजूला सरकवला. "नको आई. मान दुखते. गिळायला पण त्रास होतो."

मी तिच्या कपाळावरचे केस मागे केले. दोन बोटं रुंद होता.

"हे कधीपासून?"

"आय डोन्ट नो... बीनी टोपीमुळे असेल. टाइट आहे ती."

"इरा, तू कुठे जातेस? कुठे काय करतेस?"

"काही नाही! शिल्पा मावशीकडे प्लँट्सना पाणी घालते फक्त. तिने मला की दिलीये." आणि तिने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "तिने माझी माफी मागितली, आई. प्रॉपरली. ऑक्टोबरमध्ये शाळेबाहेर येऊन थांबली होती. मी तुला नाही सांगितलं, तू इतकी चिडलेली होतीस ना."

इंडियाला जाताना शेजारच्या मुलांना किल्ली देऊन जायची आपल्या सगळ्यांची पद्धत. इरानेही इथल्या चार घरांना पाणी घातलंय. आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. अकरा दिवस ती त्या तुळशीला पाणी घालत होती.

आम्ही तशाच उठून शिल्पाच्या घरी गेलो. बाहेर बर्फ, आणि खिडकीत तुळस माजली होती. माती कुंडीच्या काठावरून ओसंडून खाली खिडकीच्या कठड्यावर पडली होती. मी कुंडी उचलायला गेले. जी मी एका हातात आणली होती, ती जागची हलली नाही. दोन्ही हातांनी धरली, गुडघे वाकवून जोर लावला. नाही म्हणजे नाही.

"सरक," इरा म्हणाली, आणि तिने ती उचलली. मान दुखत होती, डोळ्यांत पाणी आलं, पण उचलली.

गाडीत ती कुंडी मांडीवर घेऊन बसली. कहोकियाला त्या थंडीत चिटपाखरू नव्हतं. बिळाच्या तोंडाशी बर्फ बाजूला करून तिने तुळस उपटून ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळली आणि कुंडी उपडी केली. मला हात लावू दिला नाही. मी तिला मातीचं सगळं सांगितलं, आनंदवरच्या प्रयोगासकट.

"म्हणजे तुला माहीत होतं," ती म्हणाली, "आणि तू तिला ते दिलंस?"

"तिने तुझ्याशी काय केलं ते आठव."

"पण आई... तिला कोणी सांगितलं होतं?"

मी पुन्हा तेच म्हणाले. तिचा नवरा, हॉस्पिटल.

"मी मावशीला विचारलं होतं. ती म्हणाली काकांनी नाही सांगितलं. कोणी सांगितलं ते मात्र नाही बोलली." एवढं बोलून इरा गाडीकडे चालायला लागली.

माती परत गेली, गॅरेजमधल्या ट्रेमध्ये उरलेलीसुद्धा. आता सुटेल असं मी धरून चालले. आनंदला चार दिवस लागले होते. चार गेले, आठ गेले. इराचा वळ तसाच, उलट गडद झाला. ती दुधावर आली. स्किनच्या डॉक्टरांनी अॅलर्जी म्हटलं, हाडाच्या डॉक्टरांनी बसण्याची पद्धत म्हटलं, आणि प्रोग्रॅमच्या बाईंनी वजन बघून परत भरती करायचं बोलून दाखवलं. इराने ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्याच आठवड्यात पुण्याहून शिल्पाचा फोन आला. तिची मान इकडून गेल्यावर तीन दिवसांतच सुटली होती. इकडचं तिकडचं झालं, मग ती म्हणाली, "मेधा, एक सांगू? इराने मला विचारलं होतं, तुला कोणाकडून कळलं म्हणून. मी तुझं नाव घेतलं नाही हं. आईबद्दल मुलीच्या मनात नको काही. मी वाईट झालेय तेवढी पुरे."

तर आता तुम्हालाही कळलं. शिल्पाला मीच सांगितलं होतं. इराला वचन दिल्यावर दुसऱ्या दिवशी, शिल्पाच्याच स्वयंपाकघरात, चहा पिता पिता, रडत. मला कुणाजवळ तरी बोलायचं होतं. आणि गाडीत इराने विचारलं तेव्हा तोंडात जे पहिलं आलं ते मी बोलले, मग तेच धरून बसले.

तुम्हाला वाटेल फोन ठेवल्यावर मला लाज वाटली. लाज नंतर वाटली. आधी राग आला. या बाईने माझ्यावर उपकार करावेत? मानेला कॉलर लावून माझं झाकून ठेवावं, आणि वर मला ते सांगावं? मी बराच वेळ किचनमध्ये येरझारा घातल्या. मग इराच्या खोलीत गेले.

तिला सांगितलं. रडले नाही, कारण रडले असते तर तिलाच माझी समजूत काढावी लागली असती. ती भिंतीकडे बघत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ओके." थोड्या वेळाने म्हणाली, "दार लावून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं कपाळ स्वच्छ होतं. मान सुटली होती. शप्पथ सांगते, मी खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितलं, एक रेघ नाही. तिने ते बघू दिलं, मग माझा हात बाजूला केला.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मातीत बुरशी असेल, तिची अॅलर्जी असेल, आनंदचा पट्टा असेल, मी बोलले त्याच रात्री वळ जाणं हा योगायोग असेल. त्या मातीचा नमुना मी आधीच लॅबमध्ये बघितला होता. माती होती. इथल्या लोकांनी रस्ते आणि घरं करायला कितीतरी माउंड सपाट केले, त्यांना काही झाल्याचं ऐकिवात नाही, आणि मी दोन मुठी आणल्या तर एवढं! माझ्या अंगाला मात्र शेवटपर्यंत काही लागलं नाही. का, ते कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा. 'माफी माग' असं लिहू नका, ती मागून झाली आहे. आणि 'चला, शेवट गोड झाला' असंही लिहू नका.

इरा आता खाते. वजन वाढलंय. शनिवारी शिल्पाकडे जेवायला जाते, आणि तिथे दोनदा वाढून घेते असं शिल्पाने मला फोन करून सांगितलं. शिल्पाला मी अजून माफ केलेलं नाही. घरी मी ताट वाढून झाकून ठेवते, आणि माझी मुलगी मी जिना चढून वर जाईपर्यंत थांबते, मग झाकण उचलते.